चौथ्या सेकंदाला बंद

"बघा आता," गर्जे सर म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. स्क्रीनवर कंपनीचं नाव उमटतं न उमटतं तोच सगळं गप्प झालं. बाहेर चुलीवर शिजणाऱ्या खिचडीचा वास तेवढा खोलीत राहिला.

"परवा तुमच्या दुकानात हाच तीन तास चालला," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

सकाळचे दहा वाजले होते. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावची ही जिल्हा परिषदेची शाळा. चार वर्ग, दोन शिक्षक, एक कॉम्प्युटर. मी नगरहून मोटारसायकलवर आलो होतो. नगरमध्ये आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. 'आमचं' म्हणजे माझं आणि दादाचं. बावीस वर्षं कामाची वाटणी ठरलेली होती. दादानं बाहेर जायचं, गिऱ्हाइकांशी बोलायचं, चहा प्यायचा. मी मागच्या खोलीत टेबलापाशी बसून मशीन उघडायची आणि मधल्या वेळात पुस्तक वाचायचं. दादा जूनमध्ये गेला. तेव्हापासून दोन्ही कामं माझ्याकडे आहेत. त्यातलं एकच मला येतं.

परवा सर कॉम्प्युटर एसटीनं दुकानात घेऊन आले होते. 'कॉम्प्युटर' म्हणजे टेबलाखाली ठेवतात ती उभी पेटी. लोक तिला सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर, तो आत असतो, पोह्याच्या डिशमधल्या लिंबाच्या फोडीएवढा. पण हे गिऱ्हाइकाला समजावत बसू नये, असं दादाचं मत होतं. सर म्हणाले, "चालू होतो आणि लगेच बंद पडतो. पुन्हा बटण दाबलं तर काहीच होत नाही. पाच-दहा मिनिटं थांबलं की परत चालू होतो आणि परत बंद."

थांबल्यावर चालू होतो म्हणजे थंड झाल्यावर चालू होतो. मी निदान तिथंच करून टाकलं. प्रोसेसर तापतो, म्हणून त्याच्यावर एक धातूचा ठोकळा आणि पंखा बसवलेला असतो. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्या मध्ये एक पांढरी पेस्ट लावतात, उष्णता नीट वर जावी म्हणून. ती पाच-सात वर्षांत वाळून खडूसारखी होते. मग प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. शाळेतलं मशीन, आजूबाजूला धूळ, चूल शेजारी. सगळं जुळत होतं.

मी पेटी उघडली, पुढचं प्लॅस्टिकचं तोंड काढून बाजूला ठेवलं, ब्लोअरनं धूळ उडवली. पेस्ट खरोखरच वाळली होती. नवी लावली. मशीन सुरू केलं, तीन तास चालवलं. एकदाही बंद पडलं नाही. तोंड परत बसवलं, स्क्रू आवळले, सरांना पेटी बांधून दिली. सर खूश होऊन गेले. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला, "जोशीसाहेब, तोच प्रकार."

आणि आज दुपारी दोन वाजता गावातून ट्रक निघणार होता.

या भागातली बरीच घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. कोणी संगमनेरकडे, कोणी कोल्हारच्या बाजूला. मुलंही बरोबर जातात, कारण मागे सांभाळायला कोणी नसतं. तिकडच्या शाळेत मुलांना घ्यावं म्हणून सरकारी कार्ड असतं. ती कार्डं सरांनी कधीच भरून ठेवली होती. अडचण वेगळी होती.

"कार्डावर इयत्ता असते," सर म्हणाले. "तिकडचे गुरुजी म्हणतात, ठीक आहे, चौथी. पण याला काय येतं आणि काय नाही, त्यांना काय माहीत? त्यांचे स्वतःचे चाळीस असतात. मग बसवतात मागं. आठ दिवसांत पोरगं शाळा सोडतं आणि कोपीवर बसतं." कोपी म्हणजे तोडकऱ्यांची पाचटाची झोपडी.

म्हणून सरांनी या वर्षी प्रत्येक मुलाचा एक कागद तयार केला होता. सत्तावीस मुलं, सत्तावीस कागद. दोन महिने रविवारी शाळेत येऊन त्यांनी ते टाइप केले होते. त्यातल्या एकाचा हातानं लिहिलेला कच्चा मसुदा टेबलावर पडला होता, तो मी वाचला. 'वाचन : जोडाक्षराला थांबते, पण अंदाजाने पुढे जात नाही, विचारते. गणित : हातच्याची वजाबाकी येते. भागाकार सुरू केला आहे. सवय : मागे बसवल्यास बोलत नाही. पुढे बसवावे.'

मी बरीच पुस्तकं वाचतो. एका मुलीबद्दल इतक्या कमी शब्दांत इतकं नेमकं लिहिलेलं फारसं वाचलेलं नाही.

"बाकीचे हातानं लिहून काढता येतील का?" मी विचारलं.

"काल बसलो होतो. सहा झाले. बाकीच्यांचं सगळं डोक्यात नाही राहिलं. जे राहिलं नाही तेच तर कागदावर उतरवलं होतं."

"कुठे कॉपी ठेवली असेल. पेनड्राइव्हवर?"

"पेनड्राइव्ह मेहुण्याच्या जीपला लावलाय," सर शांतपणे म्हणाले. "त्यात आता दीडशे गाणी आहेत."

हार्ड डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडणं हा एक मार्ग होता. त्याला एक केबल लागते. बॅग उघडली तर केबल नव्हती. ती दुकानात टेबलावर राहिली होती. बॅग दादा भरायचा. मला अजून जमत नाही. नगरला जाऊन केबल घेऊन परत यायचं म्हणजे तीन तास, मग उरलेल्या वेळात सत्तावीस कागद छापून झाले नसते.

"मुकादमाला चारपर्यंत थांबा म्हणालो मी," सर म्हणाले. मुकादम म्हणजे टोळी घेऊन जाणारा माणूस. "तो म्हणतो, सर, कारखान्याचं धुराडं तुमच्या कागदाला थांबत नसतं."

म्हणजे माझ्याकडे चार तास होते. आणि छपाईलाही त्यातलेच.

मशीन दुकानात चालतं आणि शाळेत चालत नाही, तर दोष शाळेच्या विजेत असणार. हे माझं दुसरं निदान. बॅगेतून मीटर काढून सॉकेट तपासला. दोनशे अठ्ठावीस व्होल्ट, अगदी गुणी. अर्थिंग बघितलं, तेही बरं निघालं. तरी शंका नको म्हणून सरांनी शेजारच्या घरातून लांब वायर ओढून आणली. त्या घरातली म्हातारी दारात येऊन म्हणाली, "गुरुजी, आमची लाइट उडाली तर सिरियल तुमच्याकडं येऊन बघंन."

"या की," सर म्हणाले. "आधी हा चालू होऊ द्या, याच्यावरच लावतो."

बटण दाबलं. पंखा, दिवा, नाव, बंद. म्हातारी बघत होती. "आमचा मिक्सर बी असाच गेला," एवढं बोलून ती आत गेली.

मग रॅम. रॅम म्हणजे मशीनची तात्पुरती आठवण ठेवणारी पट्टी. तिच्या सोनेरी कडेवर मळ बसला तरी मशीन अडतं. ती खोडरबरनं घासतात. हा उपाय हास्यास्पद वाटतो, पण आमच्या धंद्यात निम्म्या तक्रारी त्यानं सुटतात. शाळेत खोडरबरची कमी नव्हती. सरांनी कपाटातून तीन काढून दिले, त्यातला एक आंब्याच्या आकाराचा. घासून पट्टी परत बसवली. पाच-दहा मिनिटं थांबलो, कारण लगेच चालू होत नव्हता. सरांनी बटण दाबलं.

बंद.

मग मी माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत तीनदा हात घातला, जणू केबल आपल्या मनानं परत आली असेल. साडेअकरा झाले होते.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शांताबाई मघापासून दारात उभ्या होत्या. साठीच्या असतील. हातात पळी. त्यांची नात वैष्णवी चौथीत, आणि मी वाचलेला कागद तिचाच होता, हे मला सरांनी सांगितलं. आजीच्या तुटपुंज्या पगारात नातवंडांचं भागत नव्हतं, म्हणून वैष्णवीही आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची. गेल्या वर्षी तिला तिकडच्या शाळेत पहिलीच्या पोरांत बसवलं होतं. नवव्या दिवशी तिनं जायचं बंद केलं आणि पुढचे चार महिने कोपीवर धाकट्या भावाला सांभाळलं.

"भाऊ, एक इचारू का?" शांताबाई म्हणाल्या.

"विचारा ना."

"ह्यो दर बारीला चारालाच का मरतोय?"

"कशाला?"

"चाराला. मी मोजतिया मघाधरनं. एक, दोन, तीन, चार, की गेला. खिचडीच्या शिट्ट्या मोजायची सवय हाय मला. हितं कुकर न्हाई, पर सवय हाय."

सर हसले. मी हसलो नाही. मी घड्याळ काढलं.

पाच मिनिटं थांबून बटण दाबलं. चार सेकंदांनी बंद. मग पंचवीस मिनिटं थांबायचं ठरवलं. वेळ कमी असताना पंचवीस मिनिटं हात बांधून बसणं फार अवघड असतं. शांताबाईंनी तेवढ्यात ताटलीत खिचडी आणून दिली. नको म्हणालो, तर म्हणाल्या, "तुमचं मोठं भाऊ कदी न्हाई म्हनत नव्हतं." मी खाल्ली. पंचवीस मिनिटांनी बटण दाबलं. चार सेकंद. बंद.

इथं मला थोडं समजावून सांगायला हवं. मशीन तापून बंद पडत असेल तर जास्त वेळ थांबल्यावर ते जास्त वेळ चाललं पाहिजे. वीज कमी-जास्त होऊन बंद पडत असेल तर कधी दोन सेकंदांना पडेल, कधी मिनिटानं. बिघाडाला घड्याळ कळत नाही. जे बरोबर ठरल्या वेळी बंद पडतं, ते बिघडलेलं नसतं. त्याला कोणीतरी बंद व्हायला सांगत असतं.

आणि कॉम्प्युटरला चार सेकंदांत बंद व्हायला सांगायची एकच रीत आहे. ती सगळ्यांना माहीत असते. मशीन अडकलं, काहीच हलेना, तर आपण काय करतो? पुढचं बटण दाबून धरतो. चार सेकंद धरलं की सगळं बंद.

"सर," मी म्हणालो, "बटण दाबून तुम्ही बोट लगेच काढता ना?"

"लगेच."

"आणि बटण?"

आम्ही दोघं खाली वाकलो. बटण गोल, रुपयाएवढं. त्यावर दसऱ्याच्या पूजेचं हळदीकुंकू होतं, वाळून घट्ट झालेलं. सरांनी बटण दाबलं आणि बोट काढलं. बटण आतच राहिलं. मशीन सुरू झालं, चार सेकंद गेले, मशीन बंद पडलं. बटण तरी आतच. बऱ्याच वेळानं ते अगदी सावकाश, गोगलगायीसारखं बाहेर आलं. ते बाहेर येईपर्यंत मशीन पुन्हा सुरू होणार कसं? याला मी दोन दिवस 'थंड होणं' म्हणत होतो.

मग दुकानात ते तीन तास का चाललं? कारण दुकानात मी पेटीचं पुढचं तोंड काढून ठेवलं होतं. बटण त्या तोंडावर असतं, आणि तोंड काढलं की त्याच्या वायरी सुटतात. तेव्हा मशीन सुरू करायला आम्ही बटण वापरतच नाही. आत बोर्डावर दोन बारीक टाचण्या असतात, त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. सगळे मिस्त्री तसंच करतात. तीन तास मी बटण सोडून सगळ्या मशीनची परीक्षा घेतली, आणि मग बटण बसवून सरांना देऊन टाकलं.

आताही तेच केलं. बटणाच्या वायरी उपटल्या, स्क्रूड्रायव्हर टेकवला.

"एक," शांताबाई म्हणाल्या. "दोन. तीन. चार."

पंखा फिरत होता.

"पाच. सा. सात."

नाव गेलं, निळा रंग आला, मग सरांनी लावलेला शाळेच्या सहलीचा फोटो आला. शांताबाई बारापर्यंत मोजून थांबल्या. सर खुर्चीवर बसले, फाइल उघडली आणि प्रिंटरला कागद लावला. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मला ते आवडलं. काम अडलेलं माणूस तसंच वागतं.

प्रिंटर जुना होता, एकेक कागद कुरकुरत काढायचा. तोवर मी तोंड काढून बटण साफ करायला घेतलं. स्पिरिट लावलेला कापूस फिरवला तर ते नुसतं हळदीकुंकू नव्हतं. खाली चिकट थर होता.

"शांताबाई, पूजा कोणी केली?"

"मीच. गुरुजी म्हनले, शाळंत सरस्वतीची अन् पाटीची तुमी करता, तर ह्याची बी करा. दरसाल करती. मशीनचं कपाळ कुटं असतंय, ते काय ठाव. म्हनलं, ह्ये गोल हाय, हेच आसंल. हळदकुकू कालवून लावलं, नारळ फोडला, पानी शिपडलं."

नारळाचं पाणी. वाळलं की गुळासारखं धरतं.

मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. परवा दुकानात ते कुंकू मला दिसलं होतं. दसऱ्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मशीनवर ते असतं. मी आतली सगळी धूळ काढली आणि कुंकू मुद्दाम ठेवलं. दुसऱ्याच्या पूजेचं कुंकू आपण कसं पुसायचं? शिवाय आमच्याकडे यंदा सणवार नाही. दुखवटा असलेल्या घरातल्या माणसानं तर ते मुळीच पुसू नये, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

"पण दरसाल करता, तर आधी कधी असं कसं झालं नाही?" मी विचारलं.

शांताबाईंनी माझ्याकडे जरा नवलानं बघितलं. "तुमचे भाऊ यायचे की."

"कधी?"

"दसरा झाला की चार दिसांत. सोनं द्यायला. हितंच बसायचे. आपट्याचं पान गुरुजींना, एक मला. च्या प्यायचे अन् खिशातनं रुमाल काढून त्ये कुकू पुसायचे. पान्यात भिजवून, पार कोपऱ्यातनं. मी म्हनायची, भाऊ, नका पुसू, देवाचं हाय. तर म्हनायचे, शांताबाई, देवाला पोचलं ते, आता ह्याला वारं लागू द्या."

माझ्या हातातला कापूस थांबला. दसऱ्यानंतर दादा आठवडाभर दुकानात टिकायचा नाही. जिल्हाभर हिंडायचा. मला वाटायचं, मिरवायला जातो, फराळ करायला जातो. एकदा मी त्याला तसं बोललोही होतो, की इथे मशीनं साठलीत आणि तू पानं वाटत फिरतोस. तो म्हणाला होता, "तुझी मशीनं कमी व्हावीत म्हणूनच फिरतो." मी ते उत्तर उडवाउडवीचं समजलो होतो. वहिनी दर वर्षी दसऱ्यानंतर रुमालांवरून त्याला बोलायची, की हे पिवळे डाग कशानंच जात नाहीत. त्यावर तो नुसता हसायचा.

"यंदा तुमच्याकडं आपलं…" शांताबाई म्हणाल्या.

"हो. यंदा कोणी आलं नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि पळी घेऊन चुलीकडे गेल्या.

मी बटण धुतलं, कोरडं केलं, बसवलं. टिक करून आत, टिक करून बाहेर. एक वाजून पन्नास मिनिटांनी सत्ताविसावा कागद निघाला. सरांनी सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले, प्रत्येकावर नाव लिहिलं आणि चालत पाराकडे गेले. ट्रक भरला होता. भांडी, बाजेचे पाय, दोन शेळ्या, वर माणसं. सर एकेकाच्या आईला हाक मारून कागद हातात देत होते आणि तेच ते सांगत होते, "कारखान्यावर गेल्यावर पहिल्या दिवशी शाळेत द्यायचा. पेटीत ठेवायचा नाही. द्यायचा."

वैष्णवीनं आपला कागद आजीकडे नेला आणि वाचून दाखवायला लागली. एका जोडाक्षराला थांबली. अंदाज केला नाही, सरांकडे बघितलं. सरांनी सांगितलं. ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला.

पुढच्या आठवड्यात मी दादाची वही काढली आणि त्यातल्या पत्त्यांवर एकेक करून जायला लागलो. आपट्याची पानं न्यायची नव्हती, म्हणून स्पिरिटची बाटली आणि कापूस नेला. नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचे मालक मला बघून अवघडले. "जोशी, तुमच्याकडे यंदा दसरा नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "बटण पुसायला आलोय."

त्यांचं बटणही चिकटायला लागलं होतं. तसली एकूण नऊ निघाली. प्रत्येक ठिकाणी चहा घ्यावा लागला. चौथ्या चहानंतर बोलायला थोडं जमू लागलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला गर्जे सरांचा फोन आला. सत्तावीसपैकी एकोणीस मुलं तिकडच्या शाळांत बसत होती. बाकी आठांचं काय, ते बघायला ते स्वतः रविवारी जाणार होते. कोल्हारच्या बाजूच्या एका शाळेतल्या बाईंनी वैष्णवीला चौथीत घेतलं होतं, पुढच्या बाकावर. शिवाय तिच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या दर महिन्याला काय झालं ते लिहीत होत्या, परत येताना इकडे दाखवायला. भागाकार पूर्ण झाल्याची नोंद त्यांनी केली होती.

"आणि कॉम्प्युटर?" मी विचारलं.

"चालू आहे. पेनड्राइव्हपण आणलाय परत. गाणी राहू दिलीत, जागा होती."

या धंद्यात बावीस वर्षं काढल्यावर मी एक नियम नव्यानं केला आहे. दुरुस्त झालेलं मशीन स्वतः सुरू करून दाखवायचं नाही. गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं, त्याच्याच बोटानं बटण दाबायला लावायचं, आणि आपण शेजारी उभं राहून दहापर्यंत मोजायचं.